राज्यकारभाराची तालीम

आपल्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव अजून आदराने घेतले जाते. बैठकीच्या खोलीत त्यांची तसबीर असते, आजोबा कोणत्या खात्यात होते आणि पणजोबांना पोशाख कधी मिळाला हे सणावारी सांगितले जाते. कॉलेज, बँक, आजव्याचे पाणी, कामाठीबाग, कलाभवन ही यादी तर शाळकरी मुलालाही पाठ असते. पण ती म्हणताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. महाराजांनी काय काय बांधले हे आपण मुलांना सांगतो. ते राज्य करावयास कसे शिकले, आणि आपण शिकलो ते प्रजेच्या पोरांनाही शिकता यावे म्हणून त्यांनी किती खटपट केली, हे मात्र सांगत नाही. मी दरबारी कलावंताचा मुलगा आणि धंद्याने गाण्याचा मास्तर. विद्या माणसाच्या अंगी कशी येते, या प्रश्नाकडे माझे लक्ष आधी जाते. म्हणून महाराजांचे चरित्र आज मी त्याच अंगाने सांगणार आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी 11 मार्च 1863 रोजी काशीराव गायकवाडांच्या घरी हा मुलगा जन्मला. नाव गोपाळराव. आडनाव राजघराण्याचे, पण राहणी शेतकऱ्याची. पुस्तकी विद्येशी त्याचा संबंध जवळजवळ नव्हता. तिकडे बडोद्यात मल्हारराव महाराजांच्या कारभाराविरुद्ध तक्रारींचा डोंगर साचला होता. रेसिडेंट कर्नल फेअर यांस विष घालण्याच्या आरोपावरून त्यांची चौकशी झाली. चौकशी मंडळातील तीन इंग्रज एका बाजूस आणि तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूस असे मत दुभंगले. तरीही गैरकारभाराचे कारण दाखवून इंग्रज सरकारने एप्रिल 1875 मध्ये त्यांना पदच्युत केले. मग खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याहून तीन मुले आणली गेली. कशासाठी आलात असे विचारता गोपाळरावाने राज्य करण्यासाठी असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला.

आख्यायिका येथे संपते आणि खरी गोष्ट सुरू होते. राज्य करण्यासाठी आलो असे म्हणणे सोपे. पण राज्य म्हणजे काय, हे त्या मुलास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गादी मिळाली तरी अधिकार मिळाला नव्हता. मधली सहा वर्षे तालमीची होती. इंग्रज शिक्षक एलियट यांच्या देखरेखीखाली अभ्यास सुरू झाला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, त्यांच्या जोडीला गणित, इतिहास, भूगोल, घोडेस्वारी आणि कसरत. ज्या वयात मुले पाचवी-सहावीत असतात, त्या वयात हा विद्यार्थी मुळाक्षरांपासून निघाला होता. दिवसाचे तास मोजून वाटून दिलेले, आणि मागे पडलेले अंतर भरून काढण्याची घाई. ज्याने उशिरा गळा कमावला आहे, त्यालाच या मेहनतीची कल्पना येईल.

दिवाणपदी त्या वेळी राजा सर टी. माधवराव होते. हे तंजावरच्या मराठी परंपरेतले गृहस्थ. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरी करून बडोद्यास आलेले. बिघडलेले राज्य रुळावर आणण्याचे काम तर त्यांनी केलेच. पण मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. तरुण महाराजांना अधिकार मिळण्यापूर्वी त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. राजाचे कर्तव्य काय, खजिना कोणाचा, न्यायात राजाने हात का घालू नये, नोकर कसे निवडावे, खुशामत कशी ओळखावी, अशा विषयांचे ते धडे होते. पुढे ती व्याख्याने मायनर हिंट्स या नावाने पुस्तकरूपाने छापली गेली. जो माणूस स्वतः सर्व सूत्रे हलवीत होता, तोच आपल्या हातातील सूत्रे कशी हलतात हे पुढच्याला उघडून दाखवीत होता. दरबारी विद्येच्या जगात हे सोपे नव्हते. आमच्या क्षेत्रात खास चिजा मुलालाही मरणापूर्वी न देणारे उस्ताद होऊन गेले.

28 डिसेंबर 1881 रोजी महाराजांना संपूर्ण अधिकार मिळाले. वय अठरा वर्षे आणि नऊ महिने. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अधिकार हाती आल्यावर महाराज राजवाड्यात बसून राहिले नाहीत. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे राज्याचे प्रांत एकमेकांस लागून नव्हते; मध्ये इंग्रजी मुलूख व इतर संस्थाने पसरलेली. या तुकड्यातुकड्यांच्या राज्यात त्यांनी दौरे काढले, वहिवटदार कचेरीची दप्तरे पाहिली, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या. छप्पनच्या दुष्काळाने राज्याची दैना केली. 1891 च्या खानेसुमारीत सुमारे 24 लाख असलेली लोकसंख्या 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. त्या काळात दुष्काळी भागातून फिरून महाराजांनी स्वतःची टिपणे लिहिली व ती प्रसिद्ध केली. विहिरी, तगाई, कामावरील मजुरांची व्यवस्था या गोष्टी त्यांनी अधिकाऱ्यांच्या अहवालांवरून नव्हे, तर डोळ्यांनी तपासल्या. शिकण्याची सवय अठराव्या वर्षी सुटली नव्हती.

आता ही विद्या प्रजेपर्यंत कशी नेली ते पाहू. पहिली पायरी अर्थात अक्षराची. 1893 साली अमरेली तालुक्यातील दहा गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. हा प्रयोग होता आणि प्रयोगासारखाच चालवला गेला. कोठे अडते, शेतीच्या हंगामात मुले का येत नाहीत, दंड कितपत लागू पडतो, हे पाहत पाहत गावांची संख्या वाढवली. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, 1906 साली, सबंध राज्यासाठी कायदा झाला. मुलांसाठी वयाची सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही मर्यादा ठरली. इंग्रजी हिंदुस्थानात तेव्हा असे काही नव्हते. नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक 1911 साली मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. तरीही ते विधेयक मंजूर झाले नाही.

दुसरी पायरी पंचायतीची. जुनी गावपंचायत इंग्रजी अमदानीत मोडकळीस आली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराजांनी तिला कायद्याचे अंग दिले. पटेल किंवा मुखी हा प्रमुख, आणि सभासदांपैकी काही सरकारने नेमलेले, काही गावकऱ्यांनी निवडलेले. विहीर, तळे, रस्ता, धर्मशाळा, शाळा यांची निगा आणि किरकोळ तंट्यांचा निवाडा हे तिचे काम. गावच्या वर तालुक्याची पंचायत, तिच्या वर प्रांत पंचायत, अशी शिडी रचली गेली. ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ रमेशचंद्र दत्त 1904 साली बडोद्याच्या नोकरीत आले, तेव्हा या रचनेची मांडणी चालू होती. 1908 साली शिडीच्या टोकाला धारासभा आली. शहरांतून सुधराई होतीच. आपली जुनी माणसे नगरपालिकेला अजून सुधराई म्हणतात, ते नाव त्याच काळाचे.

येथे गाण्याचा दाखला दिल्यावाचून मला राहवत नाही. विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी विलंबित ख्याल देत नाहीत. आधी षड्ज, मग अलंकार, मग छोटी चीज. गावची विहीर ही राज्यकारभारातली छोटी चीज होय. विहिरीचा खर्च कोणी द्यावयाचा, पाणी कोणी भरावयाचे, गाळ कोणी काढावयाचा, यावर चार माणसांनी वाद घालून निर्णय घेतला आणि तो अमलात आणला, की त्यांना राज्य म्हणजे काय हे थोडे कळते. महाराजांनी वरून खाली हुकूम सोडले हे खरे. पण शिकवण्याचा क्रम त्यांनी खालून वर लावला.

तिसरी पायरी ग्रंथालयाची, आणि ही मला सर्वात प्रिय. शाळा सोडलेला मुलगा चार वर्षांत अक्षर विसरतो, हे लक्षात आल्यावर महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालय-तज्ज्ञ बोर्डन यांस 1910 साली बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, मुलांसाठी वेगळा विभाग झाला, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे असेल, तर योजना अशी की, खर्चाचा एक हिस्सा गावाने जमवावा, एक प्रांत पंचायतीने द्यावा आणि एक सरकारने. पेट्या फुकट फिरत होत्या, तशी ही ग्रंथालयेही फुकट देता आली असती. पण स्वतःचा तिसरा हिस्सा जमवण्यासाठी गावातली तरुण पोरे घरोघर फिरली, हिशेब ठेवू लागली, कोणते वर्तमानपत्र घ्यावे यावर भांडू लागली. मोतीभाई अमीन या शिक्षकाने तर मित्रमंडळे स्थापून ही चळवळ चरोतराच्या गावागावांत नेली. पुस्तके वाचली गेली ती गेलीच. पण सभा कशी भरवावी, वर्गणी कशी मागावी आणि तिचा हिशेब चारचौघांत कसा द्यावा, हे पोरांनी त्या निमित्ताने शिकून घेतले.

चौथी गोष्ट भाषेची. राज्याचे कायदे आणि हुकूम प्रजेच्या भाषेत निघावेत, हा महाराजांचा कटाक्ष होता. राजघराणे मराठी, पण प्रजा बहुतांशी गुजराती. म्हणून कारभाराची भाषा गुजराती ठेवण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. आपल्यापैकी ज्यांना घरात मराठी आणि कचेरीत गुजराती ही सवय पिढ्यानपिढ्या आहे, त्यांनी याचे मर्म ओळखावे. 1931 साली श्री सयाजी शासनशब्दकल्पतरु हा कोश निघाला. कारभारातील एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. शब्द कळला नाही तर कायदा कळत नाही, आणि कायदा कळला नाही तर माणूस कचेरीच्या दारात चपराश्यालाही घाबरतो. लहान मुलांसाठी बालज्ञानमाला आणि मोठ्यांसाठी साहित्यमाला महाराजांनी चालवली, तिच्या मुळाशी हीच दृष्टी होती.

आमच्या गायनशाळेची हकीकत यापासून वेगळी नाही. 1886 साली ती उघडली आणि मौलाबक्ष यांच्याकडे सोपवली. जी विद्या दिवाणखान्यात आणि घराण्यात कोंडलेली होती, ती फळ्यावर आली. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, पाठ्यपुस्तके केली, आणि कोणाही घरचा मुलगा येऊन सारेगम गिरवू लागला. दरबारच्या कलावंतांना हे सारेच रुचले असेल असे नाही. पण राग ही जशी कोणा एका घराण्याची जहागीर नव्हे, तसा कारभार हीसुद्धा कोणाची जहागीर नव्हे, हे त्या एका फळ्याने सांगितले.

एवढे सांगून थांबलो तर मी भाटाचे काम केले असे होईल. या तालमीत दोन मोठ्या उणिवा राहिल्या, आणि त्याही मुलांना सांगितल्या पाहिजेत.

पहिली अशी की, शिडी बांधली, पण वरच्या मजल्याचे दार महाराजांनी अखेरपर्यंत पूर्ण उघडले नाही. धारासभेत दिवाण अध्यक्ष, सरकारी आणि नेमलेल्या सभासदांचे वजन जास्त, आणि शेवटचा शब्द राजाचा. शिष्याला वर्षानुवर्षे पलटे दिले. मैफलीत मात्र तंबोऱ्यावर बसवले. प्रजामंडळाने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. 1938 साली भादरणच्या परिषदेत वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली तीच मागणी पुन्हा झाली. गंमत अशी की, ही मागणी करणारे पुष्कळ तरुण महाराजांच्याच शाळांत शिकलेले आणि त्यांच्याच ग्रंथालयांत वर्तमानपत्रे वाचून शहाणे झालेले होते. शिष्य गुरूसमोर बसून स्वतःची जागा घेऊ लागला, तर तालीम फुकट गेली नाही असेच समजावे. पण गुरूने वेळीच मोकळेपणाने दाद दिली असती, तर अधिक शोभले असते.

दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे, आणि ती एकट्या महाराजांची नाही. अंत्यज मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, वसतिगृहे काढली. 1913 साली भीमराव आंबेडकर या तरुणास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठवले. 1917 साली तेच आंबेडकर कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहण्यास घर मिळाले नाही. हिंदू वस्तीत जागा नव्हती, पारशी विश्रांतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि कचेरीतल्या शिपायांनी त्यांचा विटाळ मानला. कामाठीबागेत बसून त्यांनी बडोदे सोडण्याचे ठरवले. राजाची सही होती, कायदा होता, पगार होता. पण शेजार नव्हता. आपली घरे तेव्हा याच शहरात होती. ज्या वाड्यांचे दरवाजे आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो, त्यांतला एकही दरवाजा त्या दिवशी उघडला नाही. कारभार सुधारणे हे राजाला जमते. शेजार सुधारणे हे शेजाऱ्यांनाच करावे लागते. महाराजांच्या चरित्रातला हा धडा आपल्या घरांत सर्वात कमी सांगितला जातो.

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईस महाराजांचे देहावसान झाले. गादीवर आल्यापासून जवळजवळ चौसष्ट वर्षे झाली होती. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि 1960 पासून आपण गुजरातचे रहिवासी झालो. राजा गेला, पण शिडी गेली नाही. 1993 साली घटनादुरुस्तीने ग्रामपंचायती व नगरपालिका यांना देशभर घटनेचा आधार मिळाला, तेव्हा आपल्या प्रांताला ती कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

आता तो अठरा वर्षांचा आकडा. 1989 पासून या देशात अठरा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक मुलामुलीस मताचा अधिकार आहे. म्हणजे ज्या वयात सयाजीरावांच्या हाती राज्याची मोहोर आली, त्याच वयात आज रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या, वाडीतल्या प्रत्येक पोराच्या हाती राज्याचा एक वाटा येतो. फरक इतकाच की, सयाजीरावांना त्याआधी सहा वर्षे तालीम मिळाली होती. आपल्या मुलांना किती तास मिळतात?

माझ्याकडे संध्याकाळी शिकावयास येणाऱ्या बारा मुलामुलींना मी एकदा आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकांची नावे विचारली. दोघांना ठाऊक होती. महाराजांच्या घोड्यांविषयी मात्र सर्वांना काही ना काही माहीत होते. मी त्यांना पाठांतर दिले नाही; काम दिले. आमच्या गल्लीतले दिवे कोणाच्या अखत्यारीत येतात, त्यांचा खर्च कोणत्या करातून निघतो आणि तक्रार कोठे नोंदवतात, हे आठ दिवसांत शोधून आणावयाचे. कोणी वॉर्ड कचेरीत गेले, कोणी घरच्या कराचे बिल उलगडून वाचले, एका मुलीने छापील अंदाजपत्रक मिळवून आणले. त्यांतले आकडे वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसले, ते पहिल्यांदा स्वर लागला की दिसते तसेच होते. हे फार मोठे काम नव्हे. कोणाही आईबापांना, कोणाही मास्तराला करता येण्यासारखे आहे.

जुन्या घरांना मला एवढेच सुचवावयाचे आहे. राज्य आमचे होते असे म्हणण्यात आपली तीन पिढ्यांची वर्षे गेली. वास्तविक ते तेव्हा आपले नव्हते. आपण त्याचे नोकर, मानकरी आणि कलावंत होतो. आपले ते झाले 1949 नंतर, आणि नेमके तेव्हापासून आपण त्याच्याकडे पाठ फिरवून तसबिरीकडे पाहत बसलो. येत्या 11 मार्चला काळ्या घोड्यापाशी जरूर जावे, हार घालावा. मग घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन वॉर्ड कचेरीपर्यंत चालत जावे, आणि आपल्या गल्लीच्या नावावर यंदा काय मंजूर झाले आहे, ते त्यालाच विचारावयास लावावे.